आपण होऊन उतरलेली पोर

पाटोद्याच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी वाचकगट काढला, तेव्हा पहिला नियम असा केला की कुणी आडनाव सांगायचं नाही. नुसतं नाव. जिल्ह्यात अलीकडं आडनाव कानावर पडलं की माणसं एकमेकांकडं कशी बघायला लागली होती ते लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून या नियमाचं फार कौतुक झालं. तालुक्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. निवृत्त शिक्षिका सत्यभामाबाईंनी तो भिंगाखाली धरून बघितला. मधोमध उभ्या राहिलेल्या पोराचं नाक त्यांनी ओळखलं. हे नाक अडुसष्ट साली त्यांच्या तिसरीच्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसायचं आणि शेजारच्याच्या पाटीवरून गणितं उतरवायचं. त्या विद्यार्थ्याच्या नातवानं आडनाव झाकलं होतं, नाक झाकायचं राहून गेलं होतं.

त्याच गटाचं बाईंना बोलावणं आलं. कारण होतं सोमनाथची कादंबरी. सोमनाथ बाईंच्या भावाचा मुलगा, पुण्यात राहतो, वर्षातून एकदा गाडीतून येतो आणि बांधावर उभा राहून मातीचा वास घेतो. त्यानं चारशे पानांची कादंबरी लिहिली आणि तिला पुरस्कारही मिळाला. एका जमीनदाराची नऊ वर्षांची लेक, गावाबाहेरच्या वस्तीतली तिची मैत्रीण आणि गावची बारव, अशी गोष्ट. खेळण्यातली घागर बारवेत पडते, मैत्रीण ती काढायला आपण होऊन पाण्यात उतरते, बारव बाटली म्हणून गाव खवळतं, मैत्रिणीच्या घरादाराला गाव सोडावं लागतं, आणि जमीनदाराच्या लेकीचं बालपण त्या दिवशी संपतं. ती लेक म्हणजे सत्यभामाबाई. हे सोमनाथनं प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं आणि आत्याबाईंचे आभार मानले होते.

गटाला या कादंबरीवर निबंध लिहून विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवायचा होता. सोबत प्रत्यक्ष त्या मुलीची मुलाखत जोडली तर पहिलं बक्षीस कुठं जात नाही, असं त्यांच्या सरांचं म्हणणं.

बाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. पुस्तकाचं एकशे बारावं पान त्यांना सलत होतं. त्या पानावर एक वाक्य खोटं होतं. ते सोमनाथनं रचलेलं नव्हतं. बाईंनीच त्याला सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी, एकोणसत्तर वर्षांपूर्वी, वडलांना, आप्पांना सांगितलं होतं. आप्पांना सांगितलेलं खोटं घरातल्या घरात मुरून गेलं असतं. आता त्याला पुठ्ठा लागला होता, पुरस्कार लागला होता, आणि ही पोरं त्यावर परीक्षा दिल्यासारखी बोलणार होती. जाऊन खरं सांगावं, की चहा पिऊन मुकाट्यानं परत यावं, एवढाच प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी हो म्हणून कळवलं. ठरवलं मात्र काहीच नव्हतं.

ग्रंथालयात टेबलं जोडून बैठक मांडली होती. तानाजी सरांनी शाल घातली, नारळ दिला. चाळिशीतला माणूस, पण बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. मग मुलांनी ओळीनं नावं सांगितली. अंगद, म्हणजे ते नाक. स्वप्नाली, भारीतला ड्रेस, हातात कादंबरीची स्वतःची विकत घेतलेली प्रत. आणखी सहा-सात जणं. अगदी टोकाला रोहिणी, वही उघडून बसलेली. बैठकीचं टिपण ठेवायचं काम तिच्याकडं होतं. ती गटात नवीन होती, दुसऱ्या कॉलेजातून नुकतीच आलेली.

चहा येईपर्यंत बाईंना नियमाची गंमत बघायला मिळाली. स्वप्नालीनं रोहिणीला गाव विचारलं. ती तेलगाव म्हणाली. तेलगावात कुठं, तर कारखान्याच्या रस्त्याला. शाळेच्या अलीकडं की पलीकडं, तर पलीकडं. मामाचं गाव कोणतं, घरी देव कोणता, आईवडील हंगामाला ऊसतोडीला जातात का, असं सगळं स्वप्नालीनं अगदी मायेनं विचारून घेतलं. आडनाव तेवढं विचारलं नाही. सहाव्या प्रश्नाला तिचं काम झालं. "छान, छान," म्हणाली आणि खुर्ची इंचभर अंगदकडं सरकवली. बाईंना वाटलं, आमच्या वेळी माणसं सरळ तोंडावर जात विचारायची. तेही ओंगळच, पण वेळ वाचायचा.

मग चर्चा सुरू झाली. अंगदनं मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो उभा राहून बोलू लागला. या पोरांना कळवळ्याची एक ठराविक चाल लागली होती, लग्नातल्या मंगलाष्टकांसारखी. शब्द कुठलेही असोत, चाल तीच. जातीची विषारी उतरंड, मूल्यांची पडझड, हरवलेलं निरागस बालपण. त्याच्या मते कादंबरीचा प्राण एकशे बाराव्या पानात होता. दोन निष्पाप जीव. त्यांना जात माहीतच नाही. एक दुसरीसाठी, केवळ प्रेमापोटी, आपण होऊन पाण्यात उतरते. जात मोठ्या माणसांनी आणली, मुलांच्या मनात ती नव्हती. स्वप्नालीनं तो उतारा वाचून दाखवला आणि शेवटाला डोळे पुसले. रुमाल तिनं आधीच काढून ठेवला होता. ती जमीनदाराच्या लेकीसाठी रडत होती. भिजलेल्या पोरीसाठी रडावं असं तिच्या मनात आलं नाही, कारण सोमनाथनं त्या पोरीला पुढं पानच दिलं नव्हतं. घर सोडल्यावर ती कादंबरीतूनही गेली.

तानाजी सरांनी डोळे मिटून 'विश्वात्मक करुणा' असं काहीतरी म्हटलं. बाईंनी समोरची बिस्किटं मोजली. नऊ होती.

तेवढ्यात रोहिणी वहीतून मान वर न करता म्हणाली, "मला ते पान पटलं न्हाई."

अंगदनं विचारलं, काय पटलं नाही.

"ती आपण होऊन उतरली हे. आमच्यातलं लेकरू नऊ वर्षांचं झालं म्हंजे त्याला सगळं म्हाईत असतं. कुटं उभं ऱ्हायाचं, कुटं हात लावायचा न्हाई. रांगतंय तवाच शिकवत्यात. ते आपण होऊन पाण्यात काहून उतरंल? कुणीतरी उतर म्हणलं असंल."

'आमच्यातलं' या एका शब्दानं गटाचा पहिला नियम मोडला होता. सगळे टेबलाकडं बघू लागले. स्वप्नालीला तर ते केव्हाच कळलेलं होतं, तरी तिनं धक्का बसल्यासारखा चेहरा केला. तानाजी सर म्हणाले की आपण इथं 'आमच्यातलं-तुमच्यातलं' असं बोलत नाही. अंगद म्हणाला की हा पूर्वग्रह झाला, प्रत्येक गोष्टीत जात शोधायची नसते. जातीवरच्या कादंबरीत जात शोधायची नसते, हे त्यानं असं काही ठासून सांगितलं की बाईंना त्याच्या आजोबाची पाटी आठवली. रोहिणीनं वहीत लिहिलेलं खोडलं नाही. मग अंगदला युक्ती सुचली. वाद घालायचाच कशाला? ज्यांच्या डोळ्यांदेखत घडलं त्या समोर बसल्या आहेत. त्यानं मोबाइल बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"बाई, तुम्हीच सांगा हिला. ती आपण होऊनच उतरली होती ना?"

'हो' म्हणायला एक अक्षर पुरत होतं. ते त्यांच्या तोंडात तयारच होतं, इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. पण हो म्हटलं की ही टोकाला बसलेली पोर खोटी ठरणार होती, आणि तिला खोटं ठरवणाऱ्या या पोरांचा त्यांना मघापासून वीट आला होता. त्या विटानं त्यांना पुढं ढकललं. नुसत्या चांगुलपणानं त्या पुढं गेल्या असत्या की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नसतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी उतरवली तिला."

मग त्यांनी सांगितलं, हजेरी घ्यावी तसं, आवाज न चढवता. भिवरा तिचं नाव. सटव्याची लेक. सटवा दोर वळायचा, गावातल्या साऱ्या मोटांना त्याचाच दोर. त्या उन्हाळ्यात बारवेचं पाणी सातव्या पायरीला गेलं होतं. भिवरा नेहमी पहिल्या पायरीच्या वर उभी राहायची, सत्यभामा तांब्या भरून आणायची आणि उंचावरून तिच्या ओंजळीत ओतायची. त्यात दोघींना काही वावगं वाटत नव्हतं. बोळक्यांतली पितळेची घागर गडगडत पाण्यात गेली तेव्हा सत्यभामेला पाण्यात उतरायची भीती वाटली, म्हणून तिनं भिवराला जा म्हटलं. भिवरा म्हणाली, माज्या बाला मारतील. सत्यभामा म्हणाली, जा, नाहीतर तूच टाकलीस म्हणून आप्पांना सांगेन. भिवरा उतरली. दर पायरीला थांबून मागं बघत होती. सातव्या पायरीवरून कमरेइतक्या पाण्यात गेली, घागर शोधून वर आली.

"आणि घागर माझ्या हातात दिली नाही तिनं," बाई म्हणाल्या. "पायरीवर ठेवली आणि बाजूला झाली. मी वरून पाणी टाकलं, मग उचलली. मला कुणी शिकवायला आलं नव्हतं त्या वेळी. आम्हाला जात माहीत नव्हती म्हणता ना? पाढ्यांच्या आधी येत होती."

पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती. ती कुणीतरी पाहिली. आप्पांनी विचारलं तेव्हा सत्यभामेनं सांगितलं की ती आपण होऊन उतरली. सटव्याला चावडीपुढच्या लिंबाला दिवसभर बांधून घातला. बारव तीन दिवस मोट लावून उपसली. मोटेला दोर सटव्यानंच वळलेला. चौथ्या दिवशी त्याच्या खोपटात चूल थंड होती. हे सगळं कादंबरीत आहे, बाई म्हणाल्या, दोराचं सोडून. दोराचं मी सोमनाथला सांगितलं होतं. त्याला ते फार झालं असावं.

मग तानाजी सरांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. सर म्हणाले, केवढं मोठं मन, या वयात स्वतःवर दोष ओढून घेणं सोपं नाही. मात्र इतक्या वर्षांनी आठवणींत अपराधभाव मिसळतो, हे मानसशास्त्रही सांगतं. आणि साहित्यातलं सत्य घडलेल्या सत्याहून निराळं असतं. अंगदनं मोबाइल उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. निबंध टाइप करून झाला होता, चौदा पानं, 'निष्पाप मैत्रीची शोकांतिका', पाठवायची शेवटची तारीख उद्याची. एवढा भाग कट करू, म्हणाला, सुरुवातीचं शाल-नारळाचं ठेवू. स्वप्नालीनं बाईंच्या पाया पडून घेतलं.

बाईंना वाटलं होतं की खरं सांगितलं तर अंगावर काहीतरी येईल. शिव्या येतील, निदान थुंकी. आलं ते बिस्किट. सरांनी बशी पुढं केली होती. ज्यांना आपण मघापासून मनातल्या मनात सोलत होतो, त्यांनी आपल्याला दोन मिनिटांत धुऊन पुसून कोनाड्यात ठेवलं, याचा त्यांना भयंकर संताप आला. आणि त्याबरोबर हेही कळलं, की एकोणसत्तर वर्षं आपणही स्वतःला असंच ठेवलं होतं.

रोहिणी तेवढी जागची उठली नव्हती. पेन हातातच होतं. तिनं ना टाळी वाजवली होती, ना तोंडावर दया आणली होती.

"कोणत्या अंगाला गेले ते?" तिनं विचारलं.

बाई म्हणाल्या, तोडीला गेले असं ऐकलं. वरल्या अंगाला, कारखान्यावर. पुढचं ठाऊक नाही.

"आमच्या तोडीच्या टोळीवर लई म्हाताऱ्या हायत, अशाच कुटून कुटून उठून आलेल्या. आई फोनवर इचारंल. भिवरा नावाच्या धा निघतील. आडनाव सांगा."

अंगदला राहवलं नाही. गटाचा नियम आहे, म्हणाला.

"गटाला न्हाई इचारलं," रोहिणी म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. त्यांची आठवण अशी, की अडुसष्ट सालच्या तिसरीची हजेरी अजून झोपेत म्हणतील, मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, एकेचाळीस पोरं. भिवराच्या ओल्या परकराचा रंग आठवत होता, तिच्या कोपरावरचा व्रण, ती कुठली बोळकी कुठं मांडायची तेसुद्धा. आप्पा सटव्याला हाक मारायचे ती आठवली. नावापुढं जात लावून मारायचे. सारा गाव तशीच मारायचा, घरात आईही, आणि नऊ वर्षांची सत्यभामाही. त्याच्यापुढं आणखी काही असेल, असं कुणाच्या मनात आलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

रोहिणीनं वही मिटली, पिशवीत टाकली. रागानं नाही, बाजारातल्या दुकानात हवी ती वस्तू नसली की माणूस पुढच्या दुकानाकडं वळतो, तशी. जाताना म्हणाली, "इचारते तरी." आणि गेली.

बाईंनी ग्रंथालयाची प्रत ओढून घेतली, एकशे बारावं पान काढलं, पर्समधलं पेन उघडलं. 'आपण होऊन' हे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'सत्यभामेनं धमकावलं म्हणून'. समासात सही केली, स्वतःचं नाव, वडलांचं, मग आडनाव, नियम मोडून, ठसठशीत.

"बाई, ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं," अंगद अदबीनं म्हणाला.

त्यांनी ऐकलं नाही. सहीच्या खाली, वर्गात नवं मूल आल्यावर लिहायच्या त्याच वळणदार अक्षरात त्यांनी 'भिवरा' लिहिलं, पुढं 'सटवा' लिहिलं, आणि पेन तिसऱ्या जागेवर टेकवून तशाच बसून राहिल्या. शाईचा ठिपका कागदात पसरत गेला.