वळणावरची चकाकी

"उद्या गाडी पेडण्याला नेतोय," जेवता जेवता गौरेश म्हणाला. "कृष्णनाथकडे. पुढची जाळी, काचांखालच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, चाकं... जे जे चकाकतं ते सगळं काळं करून घेतो."

क्षमाचा घास हातातच राहिला. दिवाळी उलटून गेल्यावर ती दुपारीच कोल्हापूरहून मुळगावला आली होती. वडील गेले त्या वर्षातली दिवाळी. घरावर आकाशकंदील नव्हता, घरात काही तळलं नव्हतं. शेजाऱ्यांनी आणून दिलेले गुळाचे पोहे तेवढे ताटात होते.

"बाबांची गाडी काळी करणार?"

"गाडी पांढरीच राहणार गो, ताई. नुसतं क्रोम झाकायचं. आता सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणून तू कधीपासून करायला लागलास? कॉलेजात सगळे जीन्स घालायचे तेव्हा तू बाबांच्या पँटी आखूड करून घालायचास."

गौरेश हसला नाही. त्याने आईकडे पाहिलं. आईने, प्रभावतीने, आमटीचं भांडं उचललं आणि ती आत गेली.

बाबांची, गोकुळदासांची, सारी नोकरी सुर्ल्याला, खनिज वाहतुकीच्या एका ऑफिसात गेली. तिथली लाल धूळ डब्यातल्या भातातसुद्धा उतरायची. शर्टाची कॉलर लाल, कानांमागे लाल, खिशातला रुमाल लाल. रविवारी सकाळी मात्र ते गाडी अंगणात काढायचे आणि जुन्या बनियनचा बोळा, पांढरं दंतमंजन घेऊन क्रोम घासत बसायचे. पाठीला रग लागेपर्यंत. "धूळ कंपनीची, चकाकी आपली," म्हणायचे. खाणी बंद पडल्या, दारोदार ट्रक गंजत उभे राहिले, मग काही पुन्हा सुरू झाल्या. त्यांचा रविवार काही चुकला नाही. चैत्रात एका दुपारी ऑफिसच्या खुर्चीतच ते गेले. शववाहिका डिचोलीच्या इस्पितळातून निघाली, आणि सुर्ल्याला उभी राहिलेली गाडी गौरेशने घरी आणली.

त्यांचा चष्मा क्षमाने कोल्हापूरला नेला होता, पण तो पेटीतून बाहेर काढायचा धीर तिला अजून झाला नव्हता. गाडीचं तसं नव्हतं. फाटकातून आत आल्याबरोबर दुपारच्या उन्हात ती जाळी दिसली, आणि घरात काही तरी जागच्या जागी आहे असं तिला वाटलं होतं.

"मी येते उद्या तुझ्याबरोबर," ती म्हणाली. कशासाठी, ते दोघांनाही कळलं.

पेडण्याला कृष्णनाथची शेड काजूच्या झाडांखाली होती. एके काळी तो सुर्ल्याच्या ट्रकांवर देवांची आणि पोरांची नावं रंगवायचा. खाणींचं काम बसलं तसा इकडे आला. क्षमाला पाहून त्याने हात पुसले.

"तुमच्या बाबांनी मला एकदा झाडलं होतं, ताई. ट्रकच्या मागे 'पुन्हा भेटू' लिहिताना टू ऱ्हस्व काढला म्हणून. ट्रक भरून निघाला होता हो! तो थांबवला आणि म्हणाले, आधी त्याला दीर्घ कर, मग जाऊ दे."

क्षमाला हसू आलं. ती गाडीकडे वळली.

"पूर्वी लोक सांगायचे, आरशासारखी कर," कृष्णनाथ जाळीवरून बोट फिरवत म्हणाला. "आता सांगतात, कावळ्यासारखी कर. मी आपला दोन्हीकडे खूश. बोला, मालक कोण? ताई की दादा?"

गौरेशने चावी तिच्या हातात ठेवली. "ताई म्हणेल तसं."

ती भांडणाच्या तयारीने आली होती. त्याची उत्तरं आणि आपली प्रत्युत्तरं तिने वाटेत मनातल्या मनात जुळवली होती. समोर भांडायला कोणीच उरलं नाही तेव्हा ती म्हणाली, "मग राहू दे. आहे तशीच बरी."

"घ्या," कृष्णनाथ म्हणाला. "गिऱ्हाईक स्वतःच्याच मतदारसंघात पडलं."

परतताना अस्नोड्याला थांबून गौरेशने उंडे पाव घेतले, गरम पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या मनात नसेल तर नकोच. विषय संपला." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन डिचोलीला कामावर गेला. संध्याकाळी क्षमा आईजवळ पडवीत बसली. आई कुळीथ निवडत होती. समोर भाताची कापलेली शेतं, त्यांच्या पलीकडून डिचोलीचा रस्ता येतो आणि एका मोठ्या फणसापाशी वळतो. उतरतं ऊन नेमकं त्या वळणावर पडतं. गाड्या येत होत्या, जात होत्या. मग वळणावर एकदम लखलख झाली, कोणी दुरून आरसा फिरवावा तशी.

"पावले," आई म्हणाली.

सूप खाली ठेवून ती उठलीसुद्धा. पदर सारखा केला, आणि आत चुलीवर चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

क्षमा जागीच बसून राहिली. त्यांच्या घरात कोणी घरी पोचलं की 'पावलो' म्हणतात. गौरेश शाळेतून आला की आई ओरडून सांगायची, "पावलो गो तो!" क्षमा पावली, पाव विकणारा पोदेर पावलो, भटजीसुद्धा उशिरा आला तर पाठीमागे पावलोच. 'पावले' हे आदराचं रूप आईने आयुष्यभर एकाच माणसासाठी ठेवलं होतं.

गाडी फाटकाशी आली. आई दारात येऊन उभी राहिली होती. गौरेश उतरला. त्या एका क्षणात आईच्या चेहऱ्यावरचं काही तरी विझलं. मग ती म्हणाली, "आलास? हातपाय धू." आणि आत वळली.

चहाचा कप गौरेशला नेऊन द्यायला आईने क्षमाकडे दिला. लहानपणच्या खोडीने तिने त्यातला पहिला घोट आपण घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, आई साखर विसरली."

"विसरली नाही." त्याने कप तिच्या हातातून काढून घेतला. "हळू बोल."

बाबांना मधुमेह होता. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा.

"तू रोज हा पितोस?"

"पितो. आता सवय झाली." त्याने औषध घ्यावं तसा कप रिकामा केला. "तो चहा माझ्यासाठी नसतोच गो. वळणावर जाळी चमकली की आई उठते. मग मी उतरतो आणि तिला कळतं. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवशीही तसंच झालं. तिला कोणी फोन करायच्या आत मीच गाडी घेऊन पोचलो. चहा ओतून तयार होता."

क्षमाला हे माहीत नव्हतं. ती त्या रात्री कोल्हापूरहून आली तेव्हा रडणं सुरू झालेलं होतं.

"मला सांगायचं होतंस काल. तिथे, कृष्णनाथसमोर तरी."

"काय सांगू? आई मला बघून रोज हिरमुसते, असं?" तो कपाच्या तळाकडे बघत होता. "ताई, या घरात बाबा रोज संध्याकाळी एकदा जातात. आणि त्यांना घालवतो मी."

ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडं विसळत होती, पाठमोरी.

"गाडीचं क्रोम काळं करायला तू सांगितलं होतंस त्याला?"

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. नळ बंद करून ती तशीच उभी राहिली. "पण तो म्हणाला तेव्हा नको म्हटलं नाही. मला कळतं गो ते नाहीत. सकाळी कळतं, दुपारी कळतं. त्या वेळेला पाय आधी उठतात, मी मागून जाते." भांडं तसंच हातात धरून ती म्हणाली, "पोर दमून घरी येतं आणि मी त्याच्याकडे बघते ती दारात परका उभा असल्यासारखी. मला माझीच लाज वाटते. पण तुझ्यासाठी ती गाडी म्हणजे... म्हणून मी गप्प बसले."

क्षमाने तिच्या हातातलं भांडं घेऊन फळीवर उपडं घातलं. बाबांना जसंच्या तसं ठेवायला ती आली होती, आणि ते ओझं उचलत होता गौरेश.

रविवारी दोघं पुन्हा पेडण्याला गेली.

"पुन्हा मतदान?" कृष्णनाथने विचारलं.

"या वेळी एकमताने," क्षमा म्हणाली.

त्याने काचांच्या कडांना कागद चिकटवला, चाकं उतरवून घेतली. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, आधी ते पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावं लागतं, असं तो म्हणाला. क्षमाने एक तुकडा मागून घेतला आणि ती चालकाच्या बाजूच्या दारापाशी बसली. काचेखालच्या पट्टीत तिला स्वतःचं कपाळ आणि वरची काजूची पानं दिसत होती. तिने हात टेकवला. एकाच हाताने इतकी वर्षं घासून आणलेली झिलई पहिल्या फेऱ्यांना दाद देईना, कागद नुसता घसरत होता. मग एक दुधी चरा उठला, दुसरा उठला. झाडाची पानं गेली, मग तिचं कपाळ गेलं. ती न थांबता पट्टीच्या टोकापर्यंत घासत गेली. गौरेश पलीकडच्या दाराशी तेच करत होता. गाडीच्या काचांतून दोघांची नजरानजर झाली, तेव्हा तो म्हणाला, "बाबांनी बघितलं असतं तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं."

"आधी कृष्णनाथला," ती म्हणाली.

"मी काय केलं हो?" आतून आवाज आला.

रंग वाळायला गाडी तिथेच ठेवून दोघं म्हापशावरून बसने घरी आली. दोन दिवसांनी गौरेश परस्पर पेडण्याहून गाडी घेऊन येणार होता, वाटेत डिचोलीचं एक काम उरकून.

तो यायचा होता त्या संध्याकाळी आई आणि क्षमा पडवीत बसल्या होत्या. ऊन वळणावर आलं. क्षमाचे डोळे फणसापाशी खिळले होते. आपणही वाटच बघत होतो हे तिला तेव्हा कळलं. एक ट्रक गेला, शाळेची बस गेली, मागून दोन-तीन गाड्या आल्या, आणि त्यांतली कोणती आपली ते तिलाही ओळखता आलं नाही. ऊन वळणावरून सरकून शेतात उतरलं. इतक्या महिन्यांत न आलेलं रडू तिला तिथे, आईच्या शेजारी बसून आलं. आईने तिच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला.

"ती कोणाची गाडी गो थांबली?" आई म्हणाली.

फाटक वाजलं. काळ्या जाळीची, काळ्या चाकांची गाडी अंगणात शिरली आणि गौरेश उतरला. आई कट्ट्यावरच बसून होती. तिने गाडी पुढून मागून न्याहाळली.

"शी! काय हे रूप केलंत तिचं! कोळशातून काढल्यासारखी दिसते."

"पुसायचं काम संपलं बघ," गौरेश चप्पल काढत म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून तो पायरीवरच थांबला. आई आता त्याच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत.

"इकडे ये. उजेडात ये जरा," ती म्हणाली. "वाळलास किती रे तू! गळ्याची हाडं दिसतात. दुपारचं जेवतोस की नाही?"

"तूच तर डबा देतेस."

"मग काय देते मी त्यात?" तिने क्षमाकडे वळून विचारलं, जणू तो डबा इतके दिवस दुसरंच कोणी भरत होतं.