न फुटलेला नारळ

आमच्या भोसरीच्या, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये खंडेनवमीला मशीनपुढे नारळ मालक फोडतात. मालक म्हणजे उद्धवराव. या वर्षी तो मान मदर फिलोमिनांना द्यायचा, असं आम्ही कामगारांनी ठरवलं. कासारवाडीच्या कॉन्व्हेंटच्या त्या मुख्य. आम्ही सगळे हिंदू, पण प्रेसमध्ये बोट गेलं की ड्रेसिंग त्यांच्याच दवाखान्यात. माझी बोटंही त्यांनीच बांधली. म्हणजे जी उरली ती.

उद्धवराव लगेच हो म्हणाले. याच बाईंना त्यांनी चार वेळा गेटवरून परत पाठवलं होतं. चार नंबरच्या प्रेसबद्दल बोलायला त्या यायच्या. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो, त्याची वायर काढून ठेवलेली. वायर जोडली की तासाला शंभर पीस कमी निघतात. माझी दोन बोटं तिथेच गेली. आता तिथे दिपाली बसते. सत्काराला मात्र गेटपास लागत नाही.

फ्लेक्सवाल्याने जुन्याच डिझाइनवर मदरचा फोटो चिकटवला. खाली ‘भावी नगरसेविका’ तसंच राहिलं. मदरनी गेटवर थांबून सगळं वाचलं.

“कुठल्या वॉर्डातून रे?”

“ठरायचंय, मदर,” मी म्हणालो.

फेटा आम्ही चौघांनी बांधला, त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या कापडावरूनच. चौघांची मिळून एकतीस बोटं, त्यामुळे वेळ लागला. त्या मान न हलवता बसून राहिल्या.

उद्धवरावांनी नारळ हातात दिला. “फोडा, मदर. मग मशीन एकदा फिरवलं की पूजा झाली.”

“पूजा तुमची तुम्ही करा. मान दिलाय तो घेते. नारळ फुटेपर्यंत मशीन माझं ना?”

“तुमचंच की,” उद्धवराव व्हिडिओ काढणाऱ्या फोटोग्राफरकडे बघून म्हणाले.

“चार नंबर कुठलं?”

दिपालीने बोट दाखवलं. तिची सगळी आहेत अजून.

मदर प्रेसपुढे गेल्या. बाही मागे सारून त्यांनी नारळ आत, खालच्या डायवर ठेवला आणि त्यावरचा हात काढलाच नाही.

“करा चालू.”

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

“मदर, हात काढा,” उद्धवराव म्हणाले.

“का? दिपालीचा असतो की. आठ तास.”

मदरचा आवाज स्थिर होता. फेट्याचा तुरा तेवढा थरथरत होता.

उद्धवरावांनी कपाळ पुसलं. “ज्योतीराम, वायर जोड.”

आमच्या इलेक्ट्रिशियनने वायर जोडली, दोनदा ओढून पाहिली. मदरनी माझ्याकडे बघितलं. “तू दाब बटण.”

मी दाबलं. डोळे मिटले होते, ते कोणाला सांगितलं नाही.

प्रेस खाली आला नाही. मदरनी नारळ तसाच उचलून मशीनच्या पॅनेलवर ठेवला.

आठवड्याने उद्धवराव चार नंबरपाशी आले. “दिपाली, डिस्पॅच मागे पडलाय. वायर काढायला सांगतो.”

“साहेब, नारळ फुटलेला नाही. मशीन अजून मदरचं आहे. तुम्हीच म्हणालात, व्हिडिओत आहे.”

“मग फोडून टाक.”

“मान मदरचा आहे. त्यांना बोलवा.”

उद्धवरावांनी पॅनेलवर ठेवलेल्या नारळाकडे बघितलं आणि ते ऑफिसात गेले.

आता नारळातलं पाणी आटलंय. हलवला तर आतून खोबरं वाजतं. शिफ्टला आल्यावर दिपाली आधी तो पुसते, जोडलेली वायर बघते, मग हात आत घालते.