न पेटवायचा पाइप

मी पाइप बोलतोय. घाई करू नका, ठिबकाचा नव्हे आणि नळाचाही नव्हे. आमच्या वलगावात पाइप म्हटलं की माणसं आधी मोटार चालू आहे का ते बघतात. मी तंबाखूचा पाइप, लाकडाचा, मुठीत मावणारा. जुन्या सिनेमात श्रीमंत बाप जिन्यावरून उतरतो तेव्हा त्याच्या तोंडात असतो, त्या जातीचा. फक्त माझी बैठक जरा तिरपी आहे. टेबलावर ठेवलं की मी डावीकडे कलंडतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर अपेक्षाभंग नको.

मी मूळचा बोरीचा ओंडका. अंघोळीच्या बंबात जळायचं, एवढंच माझं भविष्य होतं. पण घरातली नात उत्पला दोन महिन्यांची असताना तिची छाती भरून आली. अमरावतीच्या दवाखान्यात चार रात्री काढून नीलम, म्हणजे उत्पलाची आई, घरी आली ती डॉक्टरांचं एक वाक्य घेऊन: घरात धूर नको, कपड्यांवरचाही नको. त्याच दिवशी बंब बंद झाला आणि सरपण मागच्या अंगणात टिनाखाली पडून राहिलं. वऱ्हाडातला अख्खा उन्हाळा मी त्या टिनाखाली भाजून निघालो.

बंबाचा धूर बंद करणं सोपं होतं. दुसरा धूर बोलायचा.

तो होता देवमनबाबांचा, नीलमच्या सासऱ्यांचा. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला आणि बिडी त्यांच्या बोटांचाच भाग झाली. नीलमनं दाराच्या चौकटीला धरून सांगितलं, "मामाजी, बिडी ओढाल तर पोरगी हातात नाही देणार." बाबांनी खिशातला बिड्यांचा कट्टा काढला आणि सरळ मोरीत भिजवला.

तिथून पुढे बाबा कठीण झाले. हात खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. पोळी जाड झाली म्हणून ते केशरबाईंवर, आपल्या बायकोवर, खेकसत. एकदा बसून त्यांनी अख्ख्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या केल्या. बिडी परत सुरू झाली तर नात हातातून गेली, हे त्यांना ठाऊक होतं. ते फार दिवस टिकणार नाहीत, हे नीलमला ठाऊक होतं.

"जिनिंगात कसं करत होते तुमी?" तिनं एकदा विचारलं. "तिथं तर कापूस."

"गेटावर माचिस जमा करा लागे वॉचमनजवळ. मंग पाळी सुटेपर्यंत कोरी बिडी तोंडात. तोंडाले काय समजते, पेटली हाय का नाही?"

"मग आता ठेवा कोरी."

"आता माचिस घरात हाय न माय."

नीलम एम.एस्सी. आहे. काळजी वाटली की ती वाचते आणि वाचलं की तिची काळजी वाढते. वाचता वाचता तिला कुठेतरी सापडलं, की बिडी सोडलेली काही माणसं रिकामा पाइप तोंडात धरून बसतात. विकतचा पाइप वापरलेला निघाला तर? म्हणून तिनं घरीच करायचं ठरवलं. सुतारकाम तिला येत नव्हतं. पण मुलं वाढवणंही येत नव्हतं, आणि ते चालूच होतं.

ती फोनवर व्हिडिओ बघून शिकली. पण उत्पला झोपलेली असताना, म्हणजे आवाज बंद करून. हात कसे चालतात ते सगळं दिसलं. तो माणूस मध्येच बोट वर करून काय बजावत होता, ते मात्र तिला ऐकू आलं नाही.

त्यामुळे माझा थोरला भाऊ ओल्या बाभळीचा झाला आणि आठवड्यात उकलला. मधल्याचं धुराचं भोक तळाशी पोचायच्या ऐवजी पोट फाडून बाहेर आलं. पाइपात दोन वाटा असतात, मानेतून जाणारी बारीक आणि वरून खणलेली रुंद. दोन्ही बरोबर तळाशी भेटल्या पाहिजेत. एवढंच शिकायचं असतं, आणि तेच येत नाही.

तिसऱ्या वेळी तिनं वाळलेलं लाकूड शोधलं आणि मी हाती लागलो. मशीननं पोरगी उठेल म्हणून भोक पाडायला हाताचं गिरमिट. कानस घासायची ती केशरबाई पुढच्या खोलीत पाळणा हलवत असतील तेव्हाच. गाणं थांबलं की कानस थांबायची. माझ्या अंगावर एकीकडे जास्त गोलाई आहे. त्या दिवशी बहुधा गाणं लांबलं असावं. मानेत बांबूची नळी बसली आणि मी पुरा झालो.

"लाकूड हाय, तेल पाज. नाही तं तडकते," केशरबाई म्हणाल्या. म्हणून नव्या पोळपाटाला पाजतात तसं मला सरकीचं तेल पाजलं, बाहेरून आणि आतूनही. आतून कधीच पाजू नये, असं तो बोट वर करणारा माणूस सांगत होता, हे नंतर कळलं. महिनाभर मला भज्यांच्या गाडीचा वास येत होता.

मग नीलमनं नळीत फुंकर मारली. हवा अलगद तळातून वर आली. दोन्ही वाटा भेटल्या होत्या. ती एकटीच हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. तिला ओढायचा पाइप करायचाच नव्हता. पण शिकता शिकता तिच्या हातून तो झाला होता.

तिनं एक छोटी खुंटी तासली, डिंकात बुडवली.

"बुजव बुजव," केशरबाई म्हणाल्या. "या माणसाचा भरवसा मी इतक्या वर्सात नाही केला."

तेवढ्यात बाबा आले. "काय करून राहिली?"

"भोक बुजवते, मामाजी."

"काहून?"

बाबांनी मला उचललं, फुंकलं, डोळ्याजवळ धरलं. फिटरचा डोळा. "एकदम सरळ मारलं तू. हे बुजवतं?"

"तुमी पेटवला तर?"

"बुजवलं तं मंग मी काय सोडलं? तिथं वॉचमननं सोडवली होती, इथं तू सोडवशीन. माह्यं त्याच्यात काय?"

"पेटवला तर सांगाल मले?"

"सांगीन."

"नाही सांगणार तुमी."

बाबांनी मला परत तिच्यासमोर ठेवलं. "हो," ते म्हणाले, "बहुतेक नाही सांगणार."

केशरबाईंनी कपाळावर हात मारला. नीलमला मात्र हसू आलं. खुंटीवरचा डिंक वाळेपर्यंत ती तशीच बसली, आणि मग तिनं मला न बुजवताच बाबांच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी घरापुढच्या ओट्यावर बाबांच्या दातांत असतो. नळीवर दातांचे व्रण आहेत. शेजारचे शालिकराम रोज विचारतात, "काय बे देवमन, इंग्रज झाला का?" बाबा म्हणतात, "हो ना बे. पेन्शनबी लंडनहून येते." पेन्शन कुठूनच येत नाही. रिकाम्या पाइपाला काम काय, असं मलाही वाटतं. पण मी तोंडात असलो की त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि त्या हातांत बहुतेक वेळा उत्पला असते.

एक दुपार मात्र सांगायची राहिली. पानठेल्यावर बाबांनी माझ्यात चिमूटभर तंबाखू भरला. माचिस मागितली. काडी ओढली. ती बोटापर्यंत जळत आली तरी हात माझ्याकडे वळला नाही. मग दुसरी काडी, तीही तशीच. शेवटी मला चपलेच्या टाचेवर उलटा आपटून त्यांनी तंबाखू सांडला आणि घरी येताच ते अंघोळीला गेले.

नीलम त्या वेळी रोज एक काम करते. बाबा न्हाणीत गेले की ती मला उचलते आणि नाक माझ्यात घालते. त्या दिवशी तिला तंबाखूचा वास आला. तिनं पुन्हा हुंगलं. कच्चा वास, जळका नव्हे. न्हाणीचं दार वाजलं तेव्हा तिनं मला घाईत सदऱ्याच्या भलत्याच खिशात टाकलं. बाबा बाहेर आले, टॉवेलनं डोकं पुसत त्यांनी हात पुढे केले. तिनं पोरगी दिली.

दुसऱ्या दिवसापासून एक फरक पडला. पूर्वी मी बाबांच्या खुंटीवरच्या सदऱ्यात असायचो, तिला खिसे चाचपावे लागायचे. आता अंघोळीला जाण्याआधी बाबा मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतात. कलंडू नये म्हणून बाजूला मिठाची बरणी सरकवतात. तोंड वर करून ठेवतात, म्हणजे हुंगायला सोपं.

माझं मागणं मोठं नाही. कधी वलगावला आलात आणि आमच्या ओट्यावर चहाला बसलात, तर यातलं काही बोलू नका. ती मला हुंगते हे बाबांना कळलंय, हे नीलमला माहीत नाही, आणि नीलमला बाबांनी कधी विचारलेलं नाही. तसंच चालू द्या. मी खिडकीतच आहे. न्हाणीत आत्ताच पाणी पडायला लागलंय, आणि ती येतेय.