वाडीच्या बाजूने न्यावी

पोलादपुराहून आंबेनळीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तसली गावं पुष्कळ आहेत. १९८२ च्या डिसेंबरात त्या गावच्या बौद्धवाडीत विजेची केबल पुरण्यासाठी चर खणला जात होता, आणि खणत होत्या वाडीतल्याच बायका. सुंदराबाईच्या हाती टिकाव होता. तिच्या उंबऱ्यापासून दोन हातांवरून चर जाणार होता. आपल्याच दारातला खड्डा आपणच रोजावर खणायचा, अशी ही सोय!

वाडीच्या मागे दीड वर्षापूर्वी विजेचं उपकेंद्र उभं राहिलं होतं. तारेच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मरची लोखंडी धुडं सारखी घुमत असत. गावाला नको ते सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाडीच्याच अंगावर येई: मेलेली ढोरं, उकिरडा, मसणवट. कायदा आला, वाडीने धर्म बदलला, पण गावाने आपली वहिवाट सोडली नाही. उपकेंद्रही तसंच आलं. वाडीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सुंदराबाईची सून ललिता सातव्या महिन्यात होती. नवरा मुंबईत गोदीत. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा उपकेंद्र सुरू होऊन तीन महिने झाले होते. "त्या घुमण्यानं का हो?" असं तिने महाडच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "त्यामुळेच गेलं असं मला सांगता येत नाही, आणि नाही असंही छातीठोकपणे सांगता येत नाही." आता गरीब बाईने या उत्तराचं काय करायचं? तिने पोटावर हात ठेवून दिवस मोजायला सुरुवात केली.

त्या दिवशी बायकांना पाणी घेऊन आलेली ललिता चराच्या काठाशी थबकली.

"आत्या, ही लाइन आपल्या दारातनं कशाला? सरळ वाट तर वरच्या आळीतनं हाय."

सुंदराबाईचा टिकाव थांबला. तिला हे सुचलंच नव्हतं. जवळच आंब्याखाली तरुण ओव्हरसियर फाइल घेऊन बसला होता. ललिता सरळ त्याच्यापुढे गेली.

"सायेब, नकाशा बदललाय काय? पयल्यात लाइन कुठून होती?"

तो चाचरला. "वरच्या आळीतून होती, बाई. उपकेंद्रही देवळामागे व्हायचं होतं. गावाचा अर्ज आला, म्हणून दोन्ही बदललं."

एवढ्यात काम थांबलेलं पाहून वरच्या आळीत राहणारे सरपंच कोंडाजी तरातरा आले.

"काय गो सुंदरे, हात मोडले काय?"

"दादा, इजेची भीती वाटते. पोर दोन जीवांची हाय."

कोंडाजी मोठ्याने हसले. "अडाणी ते अडाणीच! इजेनं कुणाला काय होतंय? सरकारनं तपासून बसवलीय. खण मुकाट्यानं."

ललिता जागची हलली नाही. "सायेब, तो अर्ज वाचा. मोठ्यानं वाचा. नायतर माझ्याकडं द्या, मी सातवी पास हाय."

ओव्हरसियरने सरपंचांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि फाइल उघडली.

"'सदर उपकेंद्र व केबल वरच्या आळीजवळ आल्यास गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस अपाय होण्याची भीती आहे. तरी ती बौद्धवाडीच्या बाजूने न्यावी, ही नम्र विनंती.'" त्याने खालची ओळही वाचली. "पहिली सही, कोंडाजी, सरपंच."

सरपंचांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"म्हंजे भीती तुमालाबी वाटली, दादा," सुंदराबाई म्हणाली. "तुमच्या सुनांची ती काळजी, आन्‌ आमी बोललो की अडाणी!" तिने टिकाव फेकून दिला. एकामागून एक बाकीच्या बायकांनीही टाकले.

"उद्यापासून रोज बंद! दुसरी माणसं आणतो!"

सुंदराबाई चरात फतकल मारून बसली. "आणा की. पर मला हितनं उचलाय शिवावं लागंल, दादा. हाय तयारी?"

बायका खदखदून हसल्या. कोंडाजींचे कान लाल झाले. किती वर्षांचा राग होता त्या हसण्यात!

ललिता ओव्हरसियरला म्हणाली, "सायेब, कागद काढा. हाच अर्ज परत लिवा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, अपाय, समदं तस्संच. शेवटी लिवा, लाइन कुणाच्याच उंबऱ्यातनं नको, मोकळ्या माळावरनं न्यावी. सही पयली मी करते."

त्याने लिहिलं. ललिताने सही केली, सुंदराबाईने अंगठा उठवला. मग सगळी वाडी रांगेने आली. चरात मात्र त्या दिवसापासून कुणी फावडं घातलं नाही.

विजेच्या घुमण्याने मूल दगावतं की नाही, ते जाणकार ठरवतील तेव्हा ठरवोत. मला त्यातलं कळत नाही. पण ज्या भीतीपासून एका आळीची माणसं वाचवायची, तीच भीती दुसऱ्या वाडीच्या दारात नेऊन पुरायची, हे पाप ओळखायला शास्त्र लागत नाही. वाचकहो, तुमच्याही गावाचा असा एक अर्ज कुठल्या तरी फाइलीत पडला असेल. त्यावर आपल्या घरातल्या कुणाची सही आहे का, ते एकदा काढून पाहा.