चाळीस नोंदींचा समज

समजा, तुम्ही त्या खोलीच्या दारात उभे आहात. आत एका आईने आत्ताच टेबलावर अशी मूठ आपटली आहे, की पेन घरंगळून खाली पडलं. ते उचललं तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने. मुलीच्या खांद्याला पोहण्याची पिशवी होती. पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही, म्हणून घरात तिला सगळे मासोळी म्हणत.

साडेतीन वाजले होते. चारच्या ठोक्याला तलावाचं फाटक बंद व्हायचं. आज शर्यतीसाठी मुलं निवडणार होते, आणि सरांनी बजावलं होतं, आता उशीर झाला तर नाव कापणार. याआधी दोनदा झाला होता. दोन्ही वेळा आईमुळे.

"आई, निघूया ना."

"पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत."

आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका रक्तपेढीसाठी ती रक्तदात्यांच्या नोंदी शोधणारा प्रोग्रॅम तयार करत होती. नोंदी तीन लाख. त्यातून हव्या त्या रक्तगटाची माणसं चटकन सापडावीत म्हणून तिने इंडेक्स बनवला होता, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. पण शोध कुठल्या वाटेने घ्यायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅमचा एक भाग असतो. त्याला म्हणतात प्लॅनर. आणि तो सकाळपासून इंडेक्सला हातसुद्धा लावत नव्हता. दर वेळी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं वाचत बसायचा. चार वाजता साहेबांचा फोन येणार होता.

"नुसते डोक्यावर मिरे वाटतोय हा! एवढा इंडेक्स करून दिला, तर मेला पहिल्यापासून वाचत सुटतो."

"मग रागव ना त्याला."

"सकाळपासून दुसरं काय करतेय? पालथ्या घड्यावर पाणी."

मासोळी खुर्चीच्या पाठीवर रेलली. "पण तो असं का करतो?"

आई कितीही वैतागली तरी नीट विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायची. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"तो अंदाज बांधतो. नोंदी थोड्या असतील तर सरळ सगळ्या वाचून काढणं सोपं. चार पानी वहीत कुणी अनुक्रमणिका बघतं का? नोंदी ढीगभर असतील, तर मात्र इंडेक्स."

"मग त्याला किती वाटतायत?"

सकाळपासून आई फक्त किती सेकंद लागले, तेवढंच बघत होती. तिने प्लॅनरचा आराखडा पडद्यावर आणला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अंदाजे नोंदी: चाळीस.

"चाळीस?" तिने कपाळावर हात मारला.

मागच्या महिन्यात तिने चाळीसच नोंदी घालून पाहिल्या होत्या. प्लॅनरने तेव्हा त्या मोजल्या. मग प्रत्येक चाचणी सारख्याच पायावर व्हावी, म्हणून ती आपोआप होणारी मोजणी तिनेच बंद करून टाकली. तीन लाख नोंदी त्यानंतर आल्या.

"म्हणजे तो वेडा नाहीये," मासोळी म्हणाली. "त्याला कुणी सांगितलंच नाही."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई पुटपुटली. तिने पुन्हा मोजायचा हुकूम दिला आणि शोध चालवला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. प्लॅनर मुकाट्याने इंडेक्सच्या वाटेने गेला होता.

पण काम संपलं नव्हतं. उरलेल्या सात रक्तगटांचे शोध बाकी होते, आणि पावणेचार झाले होते.

"थांब हं, पाचच..."

"आई, मी एकटी जाते."

"काहीतरीच काय! तो कोपऱ्यावरचा रस्ता कसा आहे माहितेय ना? तू मध्येच हात सोडून पळतेस."

"कधी पळाले?"

"त्या दिवशी नाही का, फुगा सुटला आणि त्याच्या मागे..."

आई थांबली. फुगा सुटला तेव्हा मासोळी बालवाडीत होती.

आई लेकीकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला आणि उगाचच पदराने पुसला.

"दोन्हीकडे बघायचं."

"हो."

"पोचलीस की सरांना फोन करायला सांग."

"हो."

"आणि हे बघ..."

"आई, फाटक!"

दार लागलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली. आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. मागे टेबलावर साहेबांचा फोन वेळेआधीच वाजू लागला, तरी ती वळली नाही.

खाली मासोळी कोपऱ्यावर येऊन थांबली. एका गाडीवाल्याने गाडी हळू करून तिला 'जा' अशी खूण केली. तिने मान हलवली आणि हाताने त्यालाच आधी पुढे काढलं. मग उजवीकडे पाहिलं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सावकाश चालत तिने रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर पाय पडला मात्र, पिशवी पोटाशी घट्ट धरून ती तलावाच्या दिशेने सुसाट पळत सुटली.