सर्वांत लहान पुडी

मित्रांनो, सोनं तोलण्याचं भाग्य कधीच वाट्याला न आलेला मी एक जुना काटा आहे. वीतभर लांबीची पोलादी दांडी, रुपयाएवढी दोन पितळी पारडी आणि त्यांना बांधलेले रेशमी गोफ, एवढाच माझा संसार. अमरावतीच्या ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या पारड्यात गुंजेचा एक लाल दाणा टाकला, दांडी झुकलेली पाहिली आणि समाधानाने मला सागवानी पेटीत ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच अभिमान होता. माझं माप कधी खोटं निघालं नाही.

घाटंजीच्या बाबुलालशेठने मला विकत घेतलं. बाजाराच्या वाटेवर त्यांचं अफूचं सरकारमान्य दुकान होतं. तुम्हाला आज नवल वाटेल, पण त्या काळी परवाना घेऊन अफू उघडपणे विकली जाई. ती काळी, चिकट असे आणि तिला एक कडवट, उग्र वास असे. माझ्या पारड्यांना तो वास कायमचा लागला. बाजाराच्या दिवशी म्हातारे दुकानापुढे उकिडवे बसून माझ्याकडे टक लावून पाहत.

"शेठ, तुमच्या काट्याले सर्दी झाली का? पारडं खाली येऊनच नाही राह्यलं," त्यातला एखादा म्हणे.

"काट्याले नाही, तुमच्या नजरेले झाली, आजा," बाबुलालशेठ हसून म्हणत आणि माझी दांडी स्थिर होईपर्यंत कुणालाही घाई करू देत नसत.

कापूस वेचणीचा हंगाम आला की बायका येत. त्या फक्त गुंजभर घेत. ती त्यांच्यासाठी नसे. शेतात दिवसभर वाकून वेचायचं, तर अंगावरचं लेकरू निजलेलं हवं. म्हणून नखाच्या टोकावर येईल एवढी अफू बाळाला चाटवायची आणि बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यात त्याला ठेवायचं. त्यांच्या आईने तेच केलं होतं, आजीनेही तेच केलं होतं. सुखीबाई नावाची एक तरुण बाई अशीच येई. तांड्यावरची होती, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पुडी घेताना ती दर वेळी विचारी, "जास्त तं नाही ना, शेठ?" तिची दोन लेकरं आधी गेली होती. कशाने गेली, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

१९५६ साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कायदे कडक होत गेले आणि तीन वर्षांनी दुकानाला कुलूप लागलं. आता अफू फक्त नोंद झालेल्या माणसांना, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि दर खेपेला थोडी कमी करत मिळणार होती. बाबुलालशेठ मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

"डॉक्टरसाहेब, हा मले आता कोन्या कामाचा नाही," ते म्हणाले. "तुमच्यापाशी तरी याच्या हातून काही चांगलं होऊ द्या."

डॉक्टर पांढरीपांडे तेव्हा जेमतेम तिशीचे होते. नागपुरात शिकलेले, बोलायला सावकाश, कामाला चोख. दवाखान्यात दोन खोल्या, एक ओसरी आणि चार लोखंडी खाटा होत्या. त्या चार खाटांवर बाळंतिणी, तापाचे रोगी आणि सर्पदंश झालेले शेतकरी यांची आळीपाळीने वस्ती असे. अफू सोडताना माणसाला हगवण लागते, नाक गळतं, हातपाय आखडतात, झोप उडते. त्याच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं. डॉक्टरांनी यवतमाळला पत्र लिहून दोन खाटा आणि एक परिचारिका मागितली. उत्तर आलं की तूर्त नावं नोंदवावीत आणि चिठ्ठ्या द्याव्यात. खाटांचा विचार पुढे होईल.

मग डॉक्टरांनी स्वतःच एक रीत बसवली. रोज येणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून बाजाराच्या दिवशी आठवड्याच्या सात पुड्या द्यायच्या. प्रत्येक पुडी आदल्या पुडीपेक्षा किंचित लहान. लोकांना वाचता येत नसे, म्हणून कागदही त्या त्या मापाचा कापायचा आणि सातही पुड्या एका दोऱ्यात ओवायच्या. "मोठी आधी, लहान शेवटी," असं कंपाउंडर रामराव प्रत्येकाकडून तीनदा म्हणून घेत. ही रीत मला फार आवडली. ज्या पारड्यांनी माणसांना व्यसनात लोटलं, त्याच पारड्यांनी मी त्यांना एकेक गुंज करत बाहेर काढणार होतो.

पावसाळ्याच्या अखेरीस देवसिंग आला. तो सुखीबाईचा नवरा. विहिरी खोदायचं काम करताना दगड पाठीवर पडला होता. दुखणं मारायला त्याने अफू सुरू केली, त्याला आठ वर्षं झाली होती. पाठ बरी झाली, अफू राहिली.

"सोडायची आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो सायेब. घरी छोरी हाय, आठ महिन्यांची. जमनी. दोन गेल्यावर झालेली हाय. मी पडून राहीन तं तिले कोन पाहीन?"

डॉक्टरांचा चेहरा खुलला. इतक्या स्पष्टपणे कारण सांगणारा माणूस त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्यांनी त्याची नाडी पाहिली, पाठ तपासली, रोज किती लागते ते विचारलं. जमनीविषयी मात्र त्यांनी आणखी काही विचारलं नाही. नोंदीच्या कागदावर वय, धंदा, गाव आणि रोजचं माप यांचे रकाने होते. घरातल्या लेकरासाठी रकाना नव्हता.

देवसिंगच्या मागे दाराशी सुखीबाई उभी होती. तिच्या खांद्यावर जमनी झोपलेली होती. त्या खोलीत एक बाळंतीण कण्हत होती, रामराव खलबत्त्यात औषध कुटत होते, बाहेर बैलगाड्यांची गर्दी होती. एवढ्या गलक्यात त्या लेकराची पापणीसुद्धा हलत नव्हती. मित्रांनो, ती झोप मी ओळखली. सुखीबाईला गुंजभर अफू मीच तोलून दिली होती. मला सगळं ठाऊक होतं. पण काट्याला फक्त झुकता येतं, आणि तेही पारड्यात कुणी काही टाकलं तरच.

पहिले दोन आठवडे देवसिंगचे फार हाल झाले. तरी तो दर बाजाराला पायी येई.

"काय देवसिंग, नाकातून पूस अन् पैनगंगा दोन्ही नद्या वाहून राह्यल्या काय?" रामराव चिडवत.

"वाहू द्या, कंपाउंडरभाऊ. तुमच्या घाटंजीले पानी पुरन," तो शेल्याने नाक पुसत म्हणे.

आठवड्यामागून आठवडे पुड्या लहान होत गेल्या. त्याच्या गालांवर मांस आलं. दिवाळीनंतर एकदा त्याने येताच पारड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, आता हे पारडं वर पाहाले लागलं." डॉक्टर मोठ्याने हसले. त्या आठवड्याची शेवटची पुडी अर्ध्या गुंजेची होती. ती तोलताना डॉक्टरांनी श्वास रोखून धरला होता. तो कागद तुळशीच्या पानाएवढा होता. आणखी दोनच बाजार, मग देवसिंग मोकळा होणार होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, एक बैलगाडी धावत दवाखान्यापुढे आली. देवसिंगने उडी मारली. त्याच्या हातात जमनी होती. रामरावांनी टेबलावरच्या वस्तू एका हाताने बाजूला सारल्या आणि डॉक्टरांनी लेकराला नेमकं माझ्या शेजारी ठेवलं. तिचे ओठ निळे पडले होते. श्वास येई, मग इतका वेळ येत नसे की रामराव मोजायचे थांबत. डॉक्टरांनी पापणी उचलली. बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती.

"अफू," ते म्हणाले. "किती दिली? कधी?"

सुखीबाईच्या पदराला अजून कापसाचा पुंजका चिकटलेला होता. "सकाळी, सायेब. दुकान बंद झालं, माह्यापाशी होती ते सरली. तवापासून रडून राह्यली, दूध घेत नाही, पोट वाहून राह्यलं. मुकादम म्हने, रडकं लेकरू आनशीन तं घरीच बस. मंग मी यांच्या दोऱ्यातली एक काढली."

"कोणती?"

"सगळ्यात लहान."

"सगळी दिली?" डॉक्टरांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आधी अंदाजानं देत होती, सायेब. नखावर घेऊन, भीत भीत देत होती. हे तं तुमी काट्यावर तोललेली होती. मोठी मोठ्याची, तं लहान लेकराचीच असन, असं वाटलं मले. मोजलेली हाय म्हून भेव नाही वाटलं. म्हून सारी देल्ली."

देवसिंगने भिंतीला हात टेकला. दोऱ्यातली एक पुडी कमी आहे, हे त्याने सकाळीच पाहिलं होतं. चुकून रामरावांनी सहाच ओवल्या असतील असं त्याला वाटलं होतं आणि एक दिवस कमी घ्यावी लागेल म्हणून तो खूशही झाला होता.

डॉक्टरांनी श्वासाला चालना देणारी सुई टोचली. आपलं तोंड जमनीच्या तोंडावर ठेवून ते हळूहळू श्वास भरू लागले. रामराव तिचे तळवे चोळत होते. उतारा म्हणून देता येईल असं औषध दवाखान्यात नव्हतं आणि यवतमाळला न्यायला जीप नव्हती. असती तरी वाटेत श्वास कोण भरणार होतं? दोन तास डॉक्टर वाकलेलेच होते. मी हाताच्या अंतरावर होतो. अर्धी गुंज म्हणजे किती, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते माप अचूक होतं. एका थोराड माणसासाठी ते अगदी अचूक होतं.

बाहेरच्या रोग्यांची वेळ संपायच्या आत जमनी गेली. सुखीबाईने तिला उचललं, झोपलेल्या लेकराला उचलतात तसं, मान सांभाळून.

पुढच्या बाजाराला देवसिंग आला आणि उरलेल्या पुड्या न उघडता टेबलावर ठेवल्या. "आता नाही लागत," म्हणाला. लागत होती, त्याचं नाक पुन्हा गळत होतं. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं, पण तो पुडीला हात लावेना. खाट रिकामी नव्हती. शेवटी डॉक्टरांनी ओसरीवर घोंगडी टाकायला लावली. सहा दिवस देवसिंग तिथे तळमळत पडला होता. सुखीबाई ज्वारीची आंबील करून आणी आणि त्याच्या शेजारी बसून राही. सातव्या दिवशी तो उठून चालत गेला आणि पुन्हा कधी अफूकडे वळला नाही. रामरावांनी नोंदीच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलं: 'पूर्ण बरा'. आमच्या दवाखान्यात हा शेरा मिळालेलं ते पहिलंच नाव होतं. डॉक्टरांनी तो शेरा वाचला आणि कागद उलटा करून ठेवला.

त्यानंतर ते येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो खोकल्याचा रोगी असो वा तापाचा, एक प्रश्न विचारू लागले: "घरी अंगावरचं लेकरू आहे का? त्याला काय देता?" रकाना नसल्यामुळे रामराव ते उत्तर समासात लिहीत. पहिल्याच महिन्यात समासात सतरा लेकरं जमली. त्यांच्यासाठी ना खाट होती, ना परिचारिका. डॉक्टर आयांना बाळांसह ओसरीवर बसवून घेत, अफू पाण्यात इतकी पातळ करत की ती तोलणं माझ्या आवाक्याबाहेर जाई, आणि थेंब मोजून देत. काही लेकरं सुटली. काही आया दोन दिवसांनी येईनाशा झाल्या, कारण वेचणी चालू होती. डॉक्टरांनी यवतमाळला पुन्हा पत्र लिहिलं, मग नागपूरला, मग मुंबईला.

१९६३ साली त्यांची बदली झाली. रामरावही निवृत्त झाले. नवे डॉक्टर भले होते, पण त्यांच्याकडे दोन तालुक्यांचं काम होतं. अफूच्या चिठ्ठ्या थोड्याच उरल्या होत्या, म्हणून मला पेटीसकट खणात ठेवलं गेलं. एके दिवशी मी खणातून एका बाईचा आवाज ऐकला. तिने आपलं नाव तुळसाबाई असं सांगितलं.

"इथं लेकराची अफू सोडवते म्हनते ना, भाऊ?"

"कागदात तसं काही नाही, बाई," नव्या कंपाउंडरने सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. समास कुणी वाचत नाही.

मग तिच्या जोडव्यांचा आवाज ओसरीवरून खाली उतरत गेला. तिच्या कडेवर लेकरू होतं की नाही, मला कळलं नाही. रडण्याचा आवाज मुळीच येत नव्हता, म्हणून असेल असं मला वाटतं.

मित्रांनो, मला पुसून लखलखीत ठेवा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी डॉक्टर होईल, कुणी परिचारिका, कुणी साहेब होऊन कागदावर रकाने आखेल. समोर बसलेल्या माणसाला किती द्यायचं, ते माझ्यासारखा कोणताही काटा तुम्हाला सांगेल. घरी आणखी कोण आहे, ते मात्र तुम्हालाच विचारावं लागेल. विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुडी हातातच धरून ठेवा.