दोष आढळला नाही

भरत सकपाळची गाडी चौथ्यांदा बंद पडली तेव्हा आत सात माणसं होती आणि पुढं अख्खा उतार होता.

बंद पडली म्हणजे जागच्या जागी नव्हे. चालता चालता इंजिनाचा आवाज गेला, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं आणि ब्रेक दोनदा दाबल्यावर पायाखाली दगड लागावा तसा घट्ट झाला. भरतने गिअर सोडला नाही. हँडब्रेक ओढत त्याने डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं आणि गाडी कलंडता कलंडता थांबली. मागे बसलेली बनुबाई नंतरही बराच वेळ पुढच्या सीटची पाठ धरून बसून राहिली. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही झालंच नव्हतं अशी गाडी सुरू.

बारा वर्षं त्याने मुंबईत एका साहेबांची गाडी चालवली होती. आई गेल्यावर शेती बघायला तो माळकोंडला परत आला आणि साहेबांच्याच ओळखीतून ही आठ सीटची मोठी गाडी घेतली. तेव्हाच ती नऊ वर्षांची होती, पण नीट राखलेली. माळकोंड म्हणजे कापड्याच्या वर डोंगरात बावीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. एसटी कापड्यापर्यंतच येते. तिथून वर साडेचार किलोमीटर रस्ता, आणि खिंडीपासून खालचा सगळा वळणावळणांचा. भरतची गाडी आल्यावर बाजार, दवाखाना, पोरांच्या परीक्षा, सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या चौथ्या वेळेनंतर बाजाराच्या दिवशी बनुबाईने खिंडीत गाडी थांबवायला लावली.

"मला हितंच उतरव रे. पायवाटंनं येते. जरा पाय मोकळं व्हतील."

तिच्यामागोमाग आणखी दोघं उतरली. पुढच्या आठवड्यात सगळीच. मग ते ठरूनच गेलं. तुझ्या गाडीचा भरवसा नाय, असं कुणी एका शब्दाने म्हणालं नाही. सगळे पाय मोकळे करायला उतरत. भरत रिकामी गाडी हळूहळू खाली आणायचा आणि ओढ्यावरच्या साकवाजवळ उभा राहायचा. माणसं डोंगरउताराने येऊन पुन्हा गाडीत बसायची. त्यांची वाट बघताना त्याला वर मान करून बघवत नसे.

एकट्या ठमाबाईला उतरता येत नव्हतं. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला महाडला न्यावं लागे. पाय सुजलेले, दहा पावलं चालली की दम लागायचा. तिचा नवरा भिकू सत्तरीचा, पण पायाने धडधाकट. तोही उतरत नसे.

"तात्या, तुमी तरी उतरा खिंडीत," भरत एकदा म्हणाला.

"ती बसलीय ना," भिकू म्हणाला, आणि बसून राहिला.

पोलादपूरच्या जानू मिस्त्रीने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. पंप, फिल्टर, वायरी, सगळं काढून लावलं. शेवटी हात पुसत म्हणाला, "भरत, ह्या गाडीला कंप्युटर हाय. तितं माझा पाना पोचत नाय. तू कंपनीतच जा."

महाडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हर्षद नावाचा तरुण सल्लागार होता. तो नीट ऐकून घ्यायचा. मशीन लावायचा, हायवेला एक चक्कर मारून यायचा आणि कागदावर छापून द्यायचा : दोष आढळला नाही. असे तीन कागद भरतच्या घरी जमले. तिसऱ्या वेळी भरत म्हणाला, "हितं सपाटीला ती काय करत नाय. माझ्यासंगं खिंडीत चला."

"सर, आम्हाला टेस्टसाठी दहा किलोमीटरच्या बाहेर जाता येत नाही."

मग भरतने कंपनीच्या नंबरावर फोन लावला. फोनवरची मुलगी गोड बोलणारी होती.

"सर, या घटनेत कुणाला इजा झाली आहे का?"

"नाय."

"वाहनाचं काही नुकसान?"

"नाय. मी गटारात घातली म्हनून नाय झालं."

"ठीक आहे सर. मग मी आपली तक्रार सर्वसाधारण म्हणून नोंदवते. सुरक्षेच्या तक्रारीसाठी इजा किंवा नुकसान लागतं."

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, की तक्रार निकाली काढली आहे. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, तेही विचारलं होतं.

त्याच्या बायकोने, सेजलने, फोनवर शोधून त्याच गाडीच्या मालकांचा एक ग्रुप काढला. रात्री जेवणं झाल्यावर ती एकेकाचं मोठ्याने वाचायला लागली. साताऱ्याचा एक, नाशिकचे दोन, कोल्हापूरकडचा एक. सगळ्यांचं तेच. दिवे लागले, स्टिअरिंग जड, ब्रेक दगड. एकाची गाडी हायवेवर अशी थांबली तेव्हा मागून ट्रक येत होता. त्याने फक्त एवढंच लिहिलं होतं की आम्ही दोघं आता कुठंच जात नाही.

"एवढी मानसं सांगतायत," भरत म्हणाला. "म्हंजी कंपनीला म्हाईत असनार."

"असनारच," सेजल म्हणाली. "तुमाला एकट्यालाच वाटत व्हतं आपलं नशीब वाईट."

ती पानं छापून घेऊन तो हर्षदकडे गेला. हर्षदने उभ्या उभ्या सगळी वाचली, इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

"मी बोललो असं कुठे सांगू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडीच्या कंप्युटरमध्येच खोट आहे. गरम झाला की मध्येच मिटतो, आणि परत चालू झाला की त्याच्यात काही नोंद राहत नाही. नंतरच्या गाड्यांना त्यांनी तो बदलला. तुमचं मॉडेलच बंद झालंय, त्यासाठी नवीन येत नाही. जुना दुसऱ्या गाडीचा काढून बसत नाही. मी वर कळवलंय, एकदा नाही, तीनदा."

"मंग तसं कागदावर लिवून द्या."

"मशीन जे दाखवेल तेच मला लिहायला लागतं."

चहा संपला तरी भरत तिथेच उभा होता. हर्षदलाही जाववेना. "एक करा," तो म्हणाला, "गाडी एक्स्चेंजला देऊन टाका. मी बरा भाव मिळवून देतो."

"पुढं कुनाला जाईल ती?"

"लिलावात जाते. कोण घेतं, ते आम्हालाही कळत नाही."

भरतला आंबेनळी घाट डोळ्यांपुढे आला, आणि तो घाट उतरणारी आपली गाडी, आत कुणाची तरी बायकापोरं. तो नको म्हणाला. पण घरी येताना सारखा स्वतःवरच चिडत होता. बारा वर्षं दुसऱ्यांची गाडी चालवली तेव्हा एक ओरखडा नव्हता; स्वतःची घेतली ती ना चालवण्याच्या लायकीची, ना विकण्याच्या.

त्या आठवड्यात त्याने गाडीवर ताडपत्री टाकली. सोमवारी संध्याकाळी भिकू आला आणि ओट्यावर बसला.

"उद्या मंगळवार," तो म्हणाला.

"तात्या, गाडी नाय काढत आता. एखाद दिवशी तुमा दोघांना घिऊन दरीत जाईन मी."

"अॅम्बुलन्स बोलवून बघितली ना गेल्या साली? साकवाच्या वर आली नाय. डोली करायची तर चार खांदं लागत्यात. वाडीत जवान मानसं तीन. त्यात एक तू." भिकूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाय नेली तर पंधरा दिसांत जाईल रे ती. डाक्टरनं सांगितलंय. तुझ्या गाडीत जाईल का नाय, ते निदान कुनाला म्हाईत नाय."

मंगळवारी पहाटे भरतने ताडपत्री काढली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी खिंडीखालच्या तिसऱ्या वळणावर आवाज गेला. गाडीत तिघंच होती. भरतने त्या क्षणाची इतके महिने मनात उजळणी केली होती, की हात आपोआप चालले. पण वळण डावीकडे होतं, आणि जड झालेलं स्टिअरिंग पुरेसं फिरेना. उजवीकडे दरी होती. त्याने दोन्ही हातांनी, अर्धवट उठून स्टिअरिंग ओढलं आणि गाडी डोंगराच्या मातीत नाकाने घुसवली. मागे ठमाबाई पुढच्या सीटवर आदळली.

तो धावत मागे गेला तेव्हा तिचा डावा हात मनगटाखाली भलताच वाकला होता. ती उजवा हात उराशी धरून बसली होती. त्या हातात दर खेपेला डायलिसिसची सुई टोचत.

"सुईचा हात बरा हाय," ती म्हणाली. "घाबरू नको रे. सुईचा हात बरा हाय."

खालून एका टेंपोवाल्याला बोलावून तिला महाडला नेलं. आधी डायलिसिस, मग प्लास्टर. दवाखान्याच्या बाकावर बसून भरतने कंपनीला फोन लावला.

"सर, कुणाला इजा झाली आहे का?"

"झाली," भरत म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

आता तक्रार सुरक्षेची म्हणून नोंदली गेली. मुंबईहून कंपनीचा तपासनीस आला. त्याने सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोन तास तपासली आणि मग, एवढ्या लांबून आलाच आहे म्हणून, माळकोंडलाही आला. भिकूशी बोलला. माणूस सभ्य होता. ओट्यावर बसून पाणी प्यायला.

"काका, भरत गाडी जोरात चालवतो का?"

"छ्या! बैलगाडीवानी चालवतो."

"त्या दिवशी त्याचं लक्ष होतं ना?"

"लक्ष?" भिकूला राग आला. "सायेब, त्या गाडीच्या काळजीनं तीन म्हयनं डोळ्याला डोळा नाय त्याच्या. रातचं उठून आंगनात बसतो. आनि तुमी मला लक्ष इचारताय?"

तपासनिसाने मान हलवली आणि लिहून घेतलं.

अहवाल आला तो सेजलने ओट्यावर बसून वाचला. भरत खांबाला टेकून ऐकत होता. भिकूही मुद्दाम आला होता, आपलं म्हणणं कागदावर आलंय का ते ऐकायला. वाहनाच्या तपासणीत दोष आढळला नाही. तीव्र उतारावर चालकाचे नियंत्रण सुटले असावे. चालकाला मागील तीन महिन्यांपासून पुरेशी झोप मिळत नसल्याचे प्रवाशाने स्वतः सांगितले आहे.

सेजल थांबली. भिकूला पहिल्यांदा नीट समजलं नाही. त्याने तिला ते परत वाचायला लावलं. मग तो उठून भरतजवळ गेला.

"मी तुझ्या बाजूनं बोललो रे," तो म्हणाला. "देवाशपथ तुझ्याच बाजूनं बोललो."

"म्हाईत हाय तात्या. बसा तुमी."

पण भिकू बसला नाही. त्या दिवसापासून तो भरतशी नजर मिळवेनासा झाला. मंगळवार-शुक्रवार चालूच राहिले, टेंपोवाला मिळाला तर टेंपोने, नाहीतर समोरचं पत्र्याचं तोंड ठोकून सरळ केलेल्या त्याच गाडीने. ग्रुपवरच्या एकेचाळीस मालकांनी मिळून सरकारच्या वेबसाइटवर तक्रार केली. तिला एक लांबलचक नंबर मिळाला. सेजल रोज तो टाकून बघायची. रोज तिथे लिहिलेलं असायचं : प्रलंबित.

शिमग्याला मुंबईची माणसं आली आणि पालखी नाचून झाल्यावर भिकूने सगळ्यांना सांगितलं, की आम्ही कापड्याला ठमाच्या भावाच्या पडवीत राहायला चाललो. तिथून एसटीचा थांबा हाकेवर आहे. चार खांदे आहेत तोवर तिला डोलीतून खाली न्या.

"मी आनतो की तुमाला गाडीतनं," भरत म्हणाला. बोलल्यावर त्यालाच ते खरं वाटलं नाही.

"सामान आन तू," भिकू म्हणाला.

दोन पत्र्याच्या ट्रंका, गॅसची शेगडी, अंथरुणं, तांदळाचं पोतं आणि ठमाबाईच्या औषधांची पिशवी भरतने गाडीत भरली. डोली आधीच निघाली होती. ठमाबाईने तोंडावर पदर घेतला होता. जन्म जिथे काढला ते घर मागे पडताना तिला ते बघायचं नव्हतं. भरत एकटाच सामान घेऊन उतार उतरला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

पडवीत सगळं लावून झाल्यावर ठमाबाईने त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. "आता मंगळवारी निवांत ऱ्हा," ती म्हणाली. "लई वढाताण केलीस आमच्यापायी." भिकू बाहेर ट्रंकेच्या कडीशी काहीतरी करत होता. तो आत आला नाही.

मंगळवारी भरतला पाचलाच जाग आली. सेजल झोपलेली होती. तो चालत चालत खिंडीपर्यंत गेला आणि कठड्याच्या दगडावर बसला. उजाडल्यावर खाली कापड्याच्या वळणावर लाल एसटी दिसली. ती थांबली, आणि थोड्या वेळाने पोलादपूरकडे निघाली. एवढ्या वरून माणसं दिसत नव्हती. त्याने भिकूला फोन लावला. बराच वेळ वाजून तो बंद झाला. मग त्याने पुन्हा लावला नाही.